खेळती घोडी भरवावी का? इव्हेंटिंग आणि पैदास एकाच पागेत

सीनाकाठ
६ एप्रिल, रात्री १०:१५

नमस्कार. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठावर आमची पागा आहे, लहानमोठी सात जनावरं. सासऱ्यांचं सगळं आयुष्य काठेवाडी घोड्यांच्या पैदाशीत गेलं. दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या घोडेबाजारात शिंगरं न्यायची आणि वर्षाची चंदी त्यातून सोडवायची, हा घरचा जुना हिशेब. मी लग्न होऊन आले ती इव्हेंटिंग घेऊनच. माझी चांदणी थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची घोडी आहे. रेस सुटल्यावर पाच वर्षांची असताना तिला पुण्याहून आणली, आता अकरा वर्षांची झाली.

इव्हेंटिंग ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. एक स्वार, एक घोडा आणि तीन परीक्षा. ड्रेसाजमध्ये घोडा किती ऐकतो आणि किती तोलात चालतो ते बघतात. क्रॉस कंट्रीत माळावरचे पक्के रोवलेले अडथळे, पाणी, चर, चढउतार ठरलेल्या वेळेत पार करायचे. शो जंपिंगमध्ये दांडी न पाडता उड्या मारायच्या. मोठ्या स्पर्धेत ही परीक्षा शेवटी असते, म्हणजे काल दमलेल्या घोड्याकडून आज ते नेमकेपण हवं असतं. असा घोडा दोन महिन्यांत तयार होत नाही. चांदणीला पाण्यात उतरायची भीती होती, ती जायला मला दोन पावसाळे लागले.

अडचण अशी की आपल्याकडे खेळाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. आणि सोलापुरात शिंगरू जन्माला यायला हवं तेही थंडीतच. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. म्हणजे माझं सगळं लक्ष ज्या महिन्यांत मैदानावर लागतं, त्याच महिन्यांत रात्री उठून घोड्यांच्या कासा बघाव्या लागतात. पहाटे साडेचारला चांदणीचं काम, मग शिंगरांना हात लावणं, मुलांची शाळा, संध्याकाळी पुन्हा खरारा आणि वैरण. घरातली माणसं कष्टाला कमी पडत नाहीत, तरी कुठेतरी काहीतरी राहतंच.

गेल्या डिसेंबरात जे राहिलं ते सांगते. चांदणी स्पर्धेहून परत आली. दोन दिवस नाक जरा गळत होतं. प्रवासाची धूळ असेल म्हणून मी ताप बघितला नाही आणि तिला नेहमीच्या जागी, सासऱ्यांच्या गाभण घोडीशेजारी बांधली. तीन आठवड्यांनी ती घोडी गाभाडली. नववा महिना होता. तपासणीत हर्पिस निघाला, म्हणजे घोड्यांना सर्दीताप आणणारा आणि गाभण घोडी गाभाडवणारा विषाणू. सासरे मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या घोडीच्या पणजीपासूनच्या नोंदी त्यांच्या वहीत आहेत. त्या रात्री त्यांनी वही काढली, तारीख लिहिली आणि मिटून ठेवली.

आता प्रश्न. चांदणीचं शिंगरू घ्यायची माझी मनापासून इच्छा आहे. पण ती आत्ता ऐन भरात आहे. लगेच भरवू, की अजून खेळवून मग? आणि पागा एकच असताना ही दोन्ही कामं निभतात का? ज्यांनी करून बघितलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


रेवाल_अकलूज
६ एप्रिल, रात्री ११:०२

ताई, घोडी आत्ताच नराला दाखवा. आमच्याकडं चौदा वर्साची घोडी पहिल्यांदा दाखवली ती दोन हंगाम उलटली, तिसऱ्याला कशीबशी ठरली. लई दिस रिकामी ठिवली की पिशवीत पाणी धरतंय, मग डॉक्टर धुऊन धुऊन थकत्यात. आणि काठेवाडी नर लावा. थरोब्रेडचा दम आन काठेवाडीचे खूर, आपल्या मुरमाला दुसरं काय पायजे? सासऱ्यांना विचारा, ते बरोबर नर सांगतील. गाभाडलेल्या घोडीचं वाचून जेवण गेलं नाही बघा.


बार्शीचा_पशुवैद्य
७ एप्रिल, सकाळी ७:२०

रेवालदादांचं वयाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, घाईबद्दलचं नाही. बोटं मोजून बघू.

घोडी दिवस मोठा होऊ लागला की नीट माजावर येते. आपण साडेसतरा-अठरा अक्षांशावर असल्याने आपल्या घोड्या थंडीत अगदी बंद पडत नाहीत, तरी फेब्रुवारी-मार्चचा माज भरवशाचा. चक्र २१-२२ दिवसांचं, त्यात माज ५ ते ७ दिवस. गाभणकाळ सरासरी ३४० दिवस. आत्ता एप्रिलअखेर भरवली तर पुढच्या एप्रिलच्या सुरुवातीला विणार, म्हणजे शिंगराचे पहिले दोन महिने ऐन उन्हाळ्यात. घोडी रोज आपल्या वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत दूध देते. साडेचारशे किलोच्या घोडीला तेरा लिटर धरा. ४३ अंशांत ते दूध काढायला घोडीला किती पाणी लागेल आणि मे महिन्यात तुमच्या विहिरीत किती असेल, हे तुम्हीच सांगा.

फेब्रुवारीअखेर भरवली तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला विते. हे हवामानाला उत्तम, पण खेळाच्या बाजूने काय जातं ते बघा. एफईआय म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ, त्याच्या नियमाप्रमाणे चौथ्या महिन्यानंतर गाभण घोडीला स्पर्धेत उतरता येत नाही, पायाशी शिंगरू असलेल्या घोडीलाही नाही. म्हणजे ऑक्टोबर ते मार्चचा अख्खा हंगाम गेला. जुलैत शिंगरू तोडलं, ऑगस्टमध्ये नुसती पायी चाल सुरू केली, तरी क्रॉस कंट्रीचा दम भरायला चार-पाच महिने हवेत. पुढच्या हंगामाचाही पहिला अर्धा गेला. एका शिंगरामागे दीड हंगाम, असं मनाशी धरून मगच ठरवा.

पहिले तीन-चार महिने हलकं काम चालतं, बंद करायची गरज नाही. पण गर्भ ठरायच्या आठवड्यांत उन्हात जोराचं काम नको. कामाने अंग तापलं की गर्भ टिकण्याचं प्रमाण घटतं.

आता हर्पिस. ताई, हे फक्त तुमच्या पागेत घडलेलं नाही. खेळणारा घोडा दहा गावच्या घोड्यांत मिसळून येतो आणि स्वतः फारसा आजारी न दिसता विषाणू घरी आणतो. गाभण घोडीला पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात लस द्यायची. लस दिली तरी बाहेरून आलेला घोडा २१ दिवस वेगळा ठेवायचा, रोज दोनदा ताप बघून लिहून ठेवायचा. बादली वेगळी, खरारा वेगळा, तोबरा वेगळा. माणूस वेगळा मिळत नसेल तर आधी गाभण घोड्यांचं सगळं उरकायचं आणि शेवटी आलेल्या घोड्याकडे जायचं. उलट क्रम एक दिवसही नको.


घोडदळातला
७ एप्रिल, दुपारी १:४५

डॉक्टरांनी लिहिलं त्याला सैन्यातली जोड देतो. मी घोडदळात होतो, आता सोलापुरात स्थायिक आहे. सैन्याची पैदास बाबूगड, हिस्सार अशा ठिकाणी होते. खेळ आणि कवायत भलतीकडे. पैदाशीची घोडी आणि खेळाचा घोडा एका छपराखाली आम्ही कधी बांधले नाहीत. कारण आजार हे आहेच, पण तेवढंच नाही. दोघांची दिनचर्याच एकमेकांच्या उलट. खेळाच्या घोड्याला गाडी, गर्दी, लाउडस्पीकर, रोज नवी जागा यांची सवय लावायची. गाभण घोडीला शेवटचे तीन-चार महिने जागा बदलू द्यायची नाही, कारण त्या जागेतल्या रोगांशी लढायची ताकद तिच्या अंगात तयार होते आणि तीच चिकातून शिंगराला मिळते. खेळाच्या घोड्याला मोजून चंदी आणि बांधील वेळ, शिंगराला मोकळं रान आणि सोबती. एकाच मोतद्दाराला दोन्ही सांगितलं की तो सवयीने एकालाच नीट सांभाळतो.

म्हणून मुली, पागा दोन कर. भिंत बांधायला पैसे लागतात, अंतर ठेवायला लागत नाहीत. शेताच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचं छप्पर टाक.

आणि पैदास सोडू नकोस, हे मात्र आग्रहाने सांगतो. १९८२ च्या दिल्ली एशियाडला रघुबीर सिंगांनी शहजादावर इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं, संघालाही सुवर्ण मिळालं. त्यानंतर वैयक्तिक पदक यायला २०१८ उजाडावं लागलं. फवाद मिर्झाने जकार्तात रौप्य आणलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्याचा सेन्योर मेडिकॉट जर्मनीतून आलेला. स्वार आपल्याकडे तयार होतात. घोडा इथे कोण तयार करणार?


मुठेकाठची
७ एप्रिल, रात्री ९:३०

मी पुण्यात राइडिंग करते, स्वतःची पैदास नाही, त्यामुळे बाहेरून दिसतं ते लिहिते.

फक्त पुढचा घोडा हवा म्हणून पैदास करत असाल तर तो सर्वांत लांबचा रस्ता आहे. गाभणकाळ अकरा महिने, मग गुडघ्यावरच्या हाडाची वाढ थांबायला दोन-अडीच वर्षं, पाठीचा कणा तर पाच-सहा वर्षांपर्यंत पक्का होत असतो. घाई केलेल्या घोड्यांचे पाय मी बघितलेत. इव्हेंटिंगच्या छोट्या स्पर्धेत उतरायलाही आजपासून सहा-सात वर्षं धरा. तेवढ्या वेळात रेसमधून निवृत्त झालेले दोन चांगले घोडे तयार होतात, आणि त्यांनाही घर हवंच असतं. चांदणी तशीच तर आली.

पण तुम्हाला चांदणीचंच शिंगरू हवंय, हे तुमच्या लिहिण्यातून कळतं. मग खेळत्या घोडीचं शिंगरू घ्यायचे जगात दोन रस्ते आहेत. एक, घोडी तीन वर्षांची असताना आधी एक शिंगरू घ्यायचं, तेवढ्यात तिचं अंग भरतं, आणि मग ती खेळाला लावायची. चांदणीसाठी ही वेळ गेली, पण पुढच्या घोडीसाठी लक्षात ठेवा. दुसरा म्हणजे भ्रूण प्रत्यारोपण. बीज सुटल्यावर सातव्या-आठव्या दिवशी भ्रूण धुऊन काढतात आणि दुसऱ्या घोडीत ठेवतात. हेडली ब्रिटानिया नावाची छोट्या चणीची घोडी २००६ ला बर्ली, २००७ ला बॅडमिंटन आणि २००९ ला केंटकी या इव्हेंटिंगच्या मोठ्या स्पर्धा जिंकली, आणि खेळत असतानाच तिची शिंगरं दुसऱ्या घोड्यांच्या पोटी वाढत होती. आपल्याकडे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर केंद्रात २०२३ मध्ये मारवाडीचं शिंगरू असं जन्मलंय. फक्त थरोब्रेड म्हणून नोंद हवी असेल तर हा रस्ता बंद, तिथे नैसर्गिक रेतनच चालतं.

घोडी खेळाला चंचल असते असं अजूनही ऐकू येतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये युलिया क्रायेव्स्कीने इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं ते घोडीवर, अमांद द बनेव्हिलवर. हे पदक मिळवणारी ती पहिली बाई.


नीरा_खोरं
८ एप्रिल, सकाळी ११:१०

थोडं अवांतर. भीमथडीला आता देशी जात म्हणून नोंद मिळाली आहे. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं म्हणून आपण अभिमानाने सांगतो, आणि ती तट्टं आज मेंढपाळांच्या वाड्यांमागे ओझी वाहतात. इव्हेंटिंगच्या उंच उड्यांना ती पुरणार नाहीत, पण लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवायला याहून चांगलं जनावर नाही. सीनाकाठ ताई, चांदणीच्या सोबतीला एक ठेवा. शिंगरू तोडताना त्याच्याजवळ शांत, वयस्क घोडी असली की ते कमी बिथरतं.


सीनाकाठ
८ एप्रिल, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. रिसाला बघितलेल्या काकांनी ‘मुली’ म्हटलं, ते फार बरं वाटलं.

मुठेकाठची, तू लिहिलेला हिशेब खरा आहे. तरी मला शिंगरू चांदणीचंच हवंय. क्रॉस कंट्रीत अंतर चुकलं तर ती माझी वाट बघत नाही, स्वतः पाय सावरते आणि पलीकडे नेते. ते मी शिकवलेलं नाही, ते तिच्यात होतं. दुसरा घोडा विकत मिळेल, हे मिळेलच असं नाही. प्रत्यारोपणाची सोय आमच्या आसपास नाही आणि तिला दूर पाठवून ठेवायची माझी तयारी नाही.

मग असं ठरवलंय. हा येणारा हंगाम पूर्ण खेळायचा, मनात दुसरं काही न ठेवता. फेब्रुवारीच्या शेवटी तिला घोडा दाखवायचा आणि पुढचा दीड हंगाम सोडायचा. सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, विहिरीकडच्या कडुनिंबाखाली छप्पर घालू, स्पर्धेहून आलेली घोडी तिकडे राहील. आज खुणा करून आले.

डॉक्टर, खाण्याचं एक विचारायचंय. आमच्याकडे गाभण घोडीला संध्याकाळी गव्हाचा कोंडा भिजवून देतात, शिंगरांनाही. वैरण म्हणजे मालदांडी ज्वारीचा कडबा, थोडा लसूणघास. आणि पावसाळ्यात हिरवी ज्वारी.


बार्शीचा_पशुवैद्य
९ एप्रिल, सकाळी ६:५०

बरं झालं विचारलंत, कारण पायांचे निम्मे घोटाळे इथून सुरू होतात.

कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. घोड्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त लागतं, साधारण दीड ते दोन पट. रोज कोंडा दिला की शरीर कमी पडलेलं कॅल्शियम हाडांतून ओढतं. वाढत्या शिंगरात आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या गाभण घोडीत हे सर्वांत महागात पडतं, कारण शिंगराच्या वजनाचा मोठा भाग याच काळात भरतो. आठवड्यातून एकदा मूठभर चालेल, रोज नको. लसूणघास वाढवा, त्यात कॅल्शियम चांगलं असतं.

हिरव्या ज्वारीबद्दल कडक शब्दांत सांगतो. कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्याकडे पोरालाही माहीत आहे. घोड्याचं दुखणं वेगळं आणि हळू चालणारं. ज्वारीवर चरणारी घोडी मागच्या पायांत लुळी पडते, लघवी ठिबकत राहते, आणि गाभण असेल तर गाभाडते किंवा आखडलेल्या सांध्यांचं शिंगरू देते. गाभण घोडीला ज्वारीचा हिरवा चारा द्यायचाच नाही. नीट वाळलेला, बुरशी न लागलेला कडबा चालतो. बुरशी आलेली पेंढी गाईला टाकू असंही करू नका, जाळून टाका.


रेवाल_अकलूज
९ एप्रिल, सकाळी ८:१५

डॉक्टर, आमी पिढ्यान्‌पिढ्या कोंडा घालतोय. पण दोन शिंगरांचे गुडघे वाकडे निघाले हायेत, हे खरं. आजपासनं बंद करून बघतो. फोटो टाकीन.


सीनाकाठ
१६ मार्च, रात्री ९:०५

अकरा महिन्यांनी धागा वर काढतेय.

हंगाम चांगला गेला. नंबर पहिल्या तिनात आला नाही, पण तिन्ही स्पर्धांत क्रॉस कंट्री एकदाही न अडता पूर्ण झाली. प्रत्येक वेळी परत आल्यावर चांदणी २१ दिवस कडुनिंबाखाली राहिली. ताप दोनदा लिहिला. जानेवारीत एकदा १०२ च्या वर गेला, तेव्हा हात थरथरला होता. पण इकडच्या एकाही घोडीला काही झालं नाही. गेल्या वर्षी गाभाडलेली घोडी पुन्हा ठरली होती, लशी वेळेवर दिल्या, आणि संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी कुमैत रंगाची शिंगरी झाली. सासऱ्यांनी वही उघडली.

चांदणीला १ मार्चला पुण्याकडच्या एका थरोब्रेड नराकडे नेऊन आणली. काठेवाडीचं सासऱ्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, तुझ्या खेळाची घोडी आहे, तुझ्या खेळाचा घोडा बघ. आज सोनोग्राफी झाली. डॉक्टर, तुम्ही नसता तर मी ती पंधराव्या दिवशी, एवढ्या लवकर केली नसती. जुळं होतं. इथल्या डॉक्टरांनी एक दाबून काढलं. दहा दिवसांनी ठोके बघायला पुन्हा येणार आहेत.


बार्शीचा_पशुवैद्य
१६ मार्च, रात्री ९:४०

हेच योग्य वय होतं, सोळाव्या दिवसानंतर गर्भ एका जागी चिकटतो, मग वेगळं करणं अवघड. घोडीला जुळं बहुतेक पेलत नाही, शेवटच्या महिन्यांत दोन्ही जातात. बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवा. आता तिला सावलीत हलकं चालवा, बांधून ठेवू नका.


सीनाकाठ
५ फेब्रुवारी, पहाटे ५:३०

झोप नाही, म्हणून आत्ताच लिहितेय. तीन दिवसांपासून सडांवर मेण होतं. काल रात्री दीडला पाणी फुटलं, वीस मिनिटांत शिंगरू बाहेर. नर आहे, बहुधा आईसारखा कुमैत, एक मागचा पाय पांढरा. डॉक्टरांचं एक-दोन-तीन भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं: तासाभरात उभं, दोन तासांत दूध, तीन तासांत वार. पन्नास मिनिटांनी उभा राहिला, दोनदा पडून. दुधाला मात्र चुकत होता, चांदणीच्या पुढच्या पायांतच शोधत होता. पहिल्यांदा व्यालेली, तिलाही कळेना, हात लावला की किंचाळून वळायची. सासरे तिच्या मानेशी उभे राहून बोलत राहिले, मी शिंगराला मागून ढकलत नेलं. पावणेदोन तासांनी तोंड लागलं. वार सव्वादोन तासांत पडली, पसरून बघितली, पूर्ण आहे.

चिकाची तपासणी सकाळी होईल.


घोडदळातला
५ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

जियो. त्याला दुपारपर्यंत कुणी बघायला येऊ देऊ नकोस.


सीनाकाठ
२२ जुलै, रात्री ८:५०

पालख्या पंढरपूरला पोचल्या त्या आठवड्यात शिंगरू तोडलं. नीरा_खोरं यांनी सांगितलेली म्हातारी भीमथडी सोबतीला आहे, नान्नजच्या बाजूच्या एका मेंढपाळाकडून घेतली. पहिली रात्र त्याने ओरडून काढली, दुसऱ्या रात्री तिच्या पोटाला टेकून झोपला.

चांदणीचं दूध आटतंय, कास रोज हाताने बघतेय. १ ऑगस्टपासून सीनेच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्याने वीस मिनिटं पायी चाल, पहिले चार आठवडे एवढंच. काळ्या रानात आत्ता पाय रुततो, तिकडे दिवाळीपर्यंत नेणार नाही. या हंगामात जानेवारीच्या आधी नाव देणार नाही, आणि तेव्हाही तिचा श्वास बघून.

डॉक्टर, शिंगराला चंदी दिवसाला दोन किलोच्या वर न्यायची का, हे विचारायचं होतं. सासरे म्हणतात हाडं दिसताहेत. मला तो बरोबर वाटतो. उद्या फोटो टाकते, बाजूने आणि मागून.